एवढी शिक्षा का? हिंसक गुन्ह्यातील कारावासाविरुद्ध अपील करताना

प्राणघातक हल्ला, सदोष मनुष्यवध, शस्त्र दाखवून केलेली लूट किंवा खून अशा गुन्ह्यात सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली की आरोपीच्या घरच्यांच्या तोंडून बहुधा एकच वाक्य निघते: भांडण झाले हे खरे, पण एवढी शिक्षा? या प्रश्नाला कायद्यात जागा आहे. मात्र तो घरच्या हालअपेष्टांच्या भाषेत मांडला, तर उच्च न्यायालयात त्याचे फारसे वजन पडत नाही. हिंसक गुन्ह्यांत शिक्षेची लांबी मुख्यतः कलम ठरवते आणि न्यायाधीशाची विवेकबुद्धी त्या कलमाने आखलेल्या चौकटीतच चालते. म्हणून शिक्षा कमी करून घेण्याची खरी लढाई पुष्कळदा शिक्षेच्या आकड्यावर होत नाही, ती कलमावर होते. पुढील मार्गदर्शन हे सूत्र धरूनच केले आहे. ते महाराष्ट्र आणि गोव्यातील न्यायालयीन व्यवस्थेपुरते आहे. फाशीच्या शिक्षेची प्रक्रिया वेगळी असल्याने ती येथे घेतलेली नाही.

पहिली पायरी: निकालाची प्रत आणि मुदत

कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत ताबडतोब आणि विनामूल्य मिळाली पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ मध्ये म्हटले आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच तरतूद कलम ३६३ मध्ये होती. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या प्रकरणात कैद्यापर्यंत निकालाची प्रत वेळेत पोहोचली नव्हती, आणि त्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने प्रत मिळणे व अपिलासाठी मोफत वकील मिळणे हे दोन्ही न्याय्य प्रक्रियेचे अविभाज्य भाग असल्याचे ठरवले. कैद्याला मिळालेली प्रत तुरुंगात राहते, त्यामुळे घरच्यांनी वकिलामार्फत त्याच दिवशी प्रमाणित नकलेसाठी वेगळा अर्जही करून ठेवावा. नक्कल मिळण्यात गेलेला काळ मुदतीतून वजा होतो. पण तो सिद्ध करायचा असेल तर नकलेवरील अर्जाची तारीख, तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख असलेला शिक्का शाबूत असला पाहिजे. हे पान फाटले किंवा झेरॉक्समध्ये कापले गेले, तर पुढे विलंबमाफीसाठी विनाकारण प्रतिज्ञापत्रे करत बसावे लागते.

मुदत १९६३ च्या मुदत अधिनियमाप्रमाणे मोजली जाते. उच्च न्यायालयात अपील करायचे असेल तर ६० दिवस आणि सत्र न्यायालयात करायचे असेल तर ३० दिवस मिळतात. मकोकासारख्या (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा) विशेष कायद्याखाली शिक्षा झाली असेल, तर त्या कायद्यातील मुदत लागू होते. मकोकात ती ३० दिवसांची आहे. मुदत उलटली म्हणून सगळे संपले असे नाही. पुरेसे कारण दाखवल्यास कलम ५ खाली विलंब माफ होऊ शकतो, आणि आरोपी तुरुंगात असेल तर न्यायालये या बाबतीत सहसा कठोर राहत नाहीत. तरीही मुद्दाम उशीर करण्यात शहाणपण नाही, कारण शिक्षा स्थगितीचा अर्ज अपील दाखल झाल्यावरच करता येतो.

दुसरी पायरी: अपील कोठे करायचे

न्यायदंडाधिकाऱ्याने शिक्षा दिली असेल तर अपील सत्र न्यायालयात जाते. सत्र किंवा अतिरिक्त सत्र न्यायाधीशाने शिक्षा दिली असेल, किंवा अन्य कोणत्याही न्यायालयाने सात वर्षांपेक्षा जास्त कारावास दिला असेल, तर अपील उच्च न्यायालयात जाते. ही व्यवस्था नव्या संहितेच्या कलम ४१५ मध्ये आहे. हिंसक गुन्ह्यांचे बहुतेक खटले सत्र न्यायालयातच चालत असल्याने सामान्यतः मुंबई उच्च न्यायालयाकडेच जावे लागते. ते मुंबईत, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा गोवा खंडपीठात की कोल्हापुरात, हे शिक्षा देणारे न्यायालय कोणत्या जिल्ह्यातले आहे यावर ठरते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तेथे जातात. कैदी येरवड्यात किंवा नाशिक रोडच्या कारागृहात आहे म्हणून अपिलाचे ठिकाण बदलत नाही.

खासगी वकील परवडत नसेल तर दोन मार्ग आहेत. कैदी स्वतः कारागृह अधीक्षकाकडे अपिलाचा अर्ज देऊ शकतो आणि तो न्यायालयाकडे पाठवणे हे अधीक्षकाचे कर्तव्य असते. यालाच बोलीभाषेत जेल अपील म्हणतात. असे अपील दोन ओळींचे असले तरी चालते, मात्र ते दिल्याची तारीख तुरुंगाच्या नोंदीत पडली आहे याची खात्री करून घ्यावी. दुसरा मार्ग विधी सेवा प्राधिकरणाचा. १९८७ च्या अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. अर्ज कारागृहातील विधी सहाय्य केंद्रातून, जिल्हा प्राधिकरणाकडे किंवा उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे करता येतो आणि १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते. मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील, हा समज सोडून द्यावा. याउलट न्यायालयाच्या आवारात भेटणाऱ्या आणि इतक्या रुपयांत इतकी वर्षे कमी करून देतो असे सांगणाऱ्या माणसाला मुळीच उभे करू नये. अपिलात असा दर नसतो.

तिसरी पायरी: निकालातील शेवटची चार पाने

सत्र न्यायालयाचा निकाल पन्नास-साठ पानांचा असतो आणि शिक्षेचा भाग बहुधा शेवटच्या दोन-चार पानांत उरकलेला असतो. शिक्षेविरुद्धच्या अपिलाचा कच्चा माल याच पानांत आहे. दोषसिद्धीनंतर शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचे म्हणणे ऐकणे बंधनकारक आहे. जुन्या संहितेत हे कलम २३५(२) होते, आता २५८(२) आहे. प्रत्यक्षात काय घडते? दुपारी दोषी ठरवले जाते, न्यायालय थोडा वेळ उठते, आरोपी पिंजऱ्यातून सांगतो की घरात आई म्हातारी आहे आणि मुले लहान आहेत, सरकारी वकील जास्तीत जास्त शिक्षा मागतात, आणि आदेशात पुढील प्रकारचा मजकूर येतो: आरोपीस शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकले, तो घरातील एकमेव कमावता असल्याचे सांगतो, तथापि गुन्हा गंभीर स्वरूपाचा असल्याने दया दाखवणे योग्य होणार नाही.

हा मजकूर वाचताना पुढील गोष्टी पेन्सिलने खूण करून ठेवाव्यात. म्हणणे मांडायला खरोखर वेळ दिला होता का? वय, पूर्वीचा गुन्हेगारी इतिहास नसणे, प्रत्येक आरोपीने नेमके काय केले, भांडण कशावरून पेटले, यांपैकी कशाचाही विचार आदेशात दिसतो का? कमाल शिक्षा दिली असेल तर कमालच का, याचे कारण दिले आहे का? सर्व आरोपींना एकाच मापाने मोजले आहे का? खटला चालू असताना तुरुंगात काढलेला काळ वजा करण्याचा उल्लेख आहे का? तो नसला तरी ती वजावट, म्हणजे सेट-ऑफ, हा कायद्याने मिळालेला हक्क आहे. नव्या संहितेत तो कलम ४६८ मध्ये आहे.

याहूनही बारकाईने पाहायची गोष्ट म्हणजे अनेक कलमांखालील शिक्षा एकत्रित भोगायच्या आहेत की एकापाठोपाठ एक. जुन्या संहितेच्या कलम ३१ प्रमाणे न्यायालयाने एकत्रित असे स्पष्ट लिहिले नसेल, तर शिक्षा एकापाठोपाठ चालतात. टंकलेखनात ते एक वाक्य राहून गेले आणि सात व तीन अशा शिक्षा मिळून दहा वर्षे मोजली गेली, असे होऊ शकते. नव्या संहितेच्या कलम २५ प्रमाणे गुन्ह्यांचे गांभीर्य पाहून यापैकी काय हे न्यायालयाने ठरवायचे आहे. शिवाय एकाच वाराबद्दल दोन कलमांखाली दोषी ठरवले असेल, तर दोन्हींची बेरीज करून शिक्षा लादता येत नाही. दंड न भरल्यास भोगावयाच्या कारावासालाही मर्यादा आहे: मूळ गुन्ह्यासाठी असलेल्या कमाल कारावासाच्या एक चतुर्थांशापेक्षा तो जास्त असू शकत नाही, आणि तो मूळ शिक्षेबरोबर एकत्रित चालत नाही. मोलमजुरी करणाऱ्या माणसाला पन्नास हजारांचा दंड आणि न भरल्यास आणखी दोन वर्षे असा आदेश असेल, तर हा स्वतंत्र आणि बऱ्यापैकी यशस्वी होणारा मुद्दा आहे.

चौथी पायरी: कलमाची चौकट ओळखा

आता सर्वांत महत्त्वाचे काम. ज्या कलमाखाली शिक्षा झाली त्याची किमान आणि कमाल शिक्षा कागदावर लिहावी, आणि गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वीचा असेल तर भारतीय दंड संहितेतील, नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेतील तरतूद घ्यावी. गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवशीच्या कायद्यापेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही, ही घटनेच्या अनुच्छेद २० मधील हमी आहे. ही तारीख किती फरक पाडते याचे उदाहरण म्हणजे सदोष मनुष्यवध: जुन्या कलम ३०४ च्या पहिल्या भागात (कृत्य हेतुपूर्वक केलेले असेल तेव्हा; दुसरा भाग हेतू नसून केवळ परिणामाची जाणीव असेल तेव्हाचा) किमान शिक्षा नव्हती, तर नव्या कलम १०५ मध्ये ती पाच वर्षे आहे. गंभीर दुखापतीच्या व्याख्येतही बदल आहे; तीव्र वेदना होणे किंवा नेहमीची कामे करता न येणे यासाठी पूर्वी वीस दिवसांचा निकष होता, आता तो पंधरा दिवसांचा आहे. २०२३ च्या हाणामारीला पंधरा दिवसांचा निकष लावला गेला असेल, तर तो मुद्दा थेट कलमावर घाव घालतो.

खुनाच्या गुन्ह्यात फाशी किंवा जन्मठेप एवढे दोनच पर्याय आहेत. दोषसिद्धी कलम ३०२ किंवा नव्या १०३ खाली कायम ठेवून जन्मठेप दहा वर्षांवर आणणे उच्च न्यायालयालाही शक्य नाही. बलात्काराच्या मुख्य कलमात आता किमान दहा वर्षे आहेत, आणि विशेष कारणे देऊन किमानपेक्षा कमी शिक्षा देण्याची मुभा २०१३ च्या दुरुस्तीने काढून टाकली. पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम ६ मध्ये २०१९ पासून किमान वीस वर्षे आहेत. प्राणघातक शस्त्र वापरून लूट किंवा दरोडा घातल्यास किमान सात वर्षे आहेत. या ठिकाणी शिक्षा किमानच असेल, तर ती जास्त आहे हा युक्तिवाद उभाच राहत नाही. तेथे फक्त कलम बदलते का हेच पाहावे लागते. याउलट खुनाचा प्रयत्न, शस्त्राने गंभीर दुखापत, सदोष मनुष्यवधाचा दुसरा भाग या कलमांत खालच्या बाजूला भरपूर जागा आहे. खुनाच्या प्रयत्नात दुखापत झाली असेल तर वरची मर्यादा जन्मठेपेपर्यंत जाते, पण खालची मर्यादा कायद्याने आखलेली नाही. शिक्षेच्या आकड्यावरचा खरा वाद येथे होतो.

कलम कसे बदलते? खुनाच्या प्रकरणात पूर्वतयारी नसताना अचानक झालेले भांडण, गंभीर आणि अचानक प्रक्षोभ, स्वसंरक्षणाची मर्यादा ओलांडणे हे अपवाद लागू झाले, तर खुनाचे सदोष मनुष्यवधात रूपांतर होते. किती वार झाले, कशाने झाले, शरीराच्या कोणत्या भागावर झाले, हत्यार सोबत आणले होते की जागेवर सापडले, वार केल्यावर आरोपी थांबला की पडलेल्या माणसाला मारत राहिला, या प्रश्नांची उत्तरे साक्षीपुराव्यातून काढावी लागतात. मात्र एकच वार म्हणजे खून नव्हे, असा सरधोपट नियम नाही. विरसा सिंग प्रकरणात १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाल्याच्या एकाच वारात खून सिद्ध धरला होता, कारण ती विशिष्ट जखम करण्याचा हेतू होता आणि ती निसर्गक्रमाने मृत्यू आणण्यास पुरेशी होती. दुसऱ्या टोकाला महाराष्ट्रातील एक प्रकरण ठेवता येईल. शेताजवळून जाताना कुत्रा भुंकला, जाणाऱ्यांपैकी एकाने त्याला लोखंडी पाइपने मारले, कुत्र्याच्या मालकाने हरकत घेतली आणि त्या बाचाबाचीत त्याच्या डोक्यात पाइप बसून काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. जन्मठेपेची शिक्षा झालेल्या या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा कलम ३०४ च्या दुसऱ्या भागात आणला आणि शिक्षा पाच वर्षांवर आली. घटना तीच, साक्षीदार तेच. बदलला तो हेतूचा निष्कर्ष.

सहआरोपींच्या बाबतीत आणखी एक मुद्दा वारंवार निसटतो. दरोड्यात शस्त्र वापरल्याबद्दलची किमान सात वर्षे ही ज्याने स्वतः शस्त्र वापरले त्यालाच लागू होतात. समान उद्देशाचे, म्हणजे एकाच हेतूने वागलेल्या सर्वांना जबाबदार धरणारे, कलम जोडून ती सोबतच्या रिकाम्या हाताच्या माणसाला लावता येत नाहीत. तसेच गुन्ह्याच्या दिवशी आरोपी अठरा वर्षांखालील होता असे शाळेच्या दाखल्यावरून दिसत असेल, तर हा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, अगदी शिक्षा अंतिम झाल्यावरही उपस्थित करता येतो. खेड्यातील जन्मनोंदी आणि शाळेतील प्रवेशाची तारीख यांत घोळ असतोच, म्हणून मूळ प्रवेश रजिस्टरचा उतारा मिळवावा. मुख्याध्यापकाचे सांगीवरून लिहिलेले पत्र पुरत नाही.

पाचवी पायरी: केवळ शिक्षेपुरते अपील की पूर्ण अपील

पुष्कळ कुटुंबांना वाटते की गुन्हा मान्य करून फक्त शिक्षा कमी करा असे म्हटले तर न्यायालय लवकर द्रवेल. हा निर्णय घेण्यापूर्वी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४२६, म्हणजे जुन्या प्रक्रिया संहितेचे ३८५, वाचावे. शिक्षा कठोर आहे एवढाच आधार घेऊन अपील केले, तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय दुसरा कोणताही मुद्दा मांडता येत नाही, आणि अशा अपिलात न्यायालय खालच्या न्यायालयाचे रेकॉर्ड न मागवताही निर्णय देऊ शकते. म्हणजे हेतूवर, जखमेच्या स्वरूपावर, कलम बदलण्यावर बोलण्याचा मार्ग आपणच बंद करून घेतो. माझे मत स्पष्ट आहे: सत्र खटल्यातील शिक्षेविरुद्ध पूर्ण अपील करावे आणि प्रार्थनेत, म्हणजे न्यायालयाकडे केलेल्या मागणीत, पायऱ्या लावाव्यात. आधी निर्दोष मुक्तता, ती न झाल्यास सौम्य कलमाखाली दोषसिद्धी, तीही न झाल्यास आहे त्याच कलमाखाली शिक्षेत कपात. फौजदारी अपिलात अशी पर्यायी मागणी करणे विसंगत मानले जात नाही. अपवाद एकच: आरोपीने खटल्यात गुन्हा कबूल केला असेल, तर दोषसिद्धीविरुद्ध अपील चालत नाही आणि शिक्षेचे प्रमाण किंवा तिची कायदेशीरता एवढेच आव्हान उरते. शिक्षा जवळजवळ भोगून झाली असेल, पुरावा निर्विवाद असेल आणि लवकर निर्णय हवा असेल, तर सुनावणीच्या वेळी वकील दोषसिद्धीवर जोर न देता फक्त शिक्षेवर बोलू शकतात. तो निर्णय त्या दिवशी, खंडपीठाचा कल पाहून आणि कैद्याच्या लेखी सूचनेनेच घ्यावा.

सहावी पायरी: मुद्दे लिहिणे

एक उदाहरण घेऊ. बांध कोरल्यावरून २०२३ मध्ये दोन शेजाऱ्यांत भांडण झाले. धाकट्या भावाने हातातल्या कुऱ्हाडीने एक वार केला, तो खांद्यावर बसून गळपट्टीचे हाड मोडले. थोरला भाऊ शिवीगाळ करत लाथा मारत होता. डॉक्टरांनी उलटतपासणीत जखम जीवघेणी नव्हती असे सांगितले. दोघांना खुनाच्या प्रयत्नाबद्दल दहा वर्षे सश्रम कारावास झाला. अशा प्रकरणात शिक्षा अत्यंत कठोर आहे, ती कमी व्हावी, एवढे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे होय. त्याऐवजी मुद्दे पुढीलप्रमाणे यावेत.

सत्र न्यायालयाने डॉक्टरांच्या उलटतपासणीतील कबुली विचारात घेतली नाही. वार एकच असून तो खांद्यावर आहे, डोक्यावर किंवा मानेवर नाही, आणि पुन्हा वार करण्यास कोणतीही आडकाठी नसताना तो केलेला नाही, त्यामुळे जिवे मारण्याचा हेतू सिद्ध होत नाही आणि गुन्हा फार तर कलम ३२६ (शस्त्राने गंभीर दुखापत) खाली येतो.

थोरल्या अपीलकर्त्याच्या हाती शस्त्र नव्हते व त्याच्यामुळे कोणतीही गंभीर जखम झालेली नाही. समान उद्देश गृहीत धरला तरी शिक्षेच्या प्रमाणात त्याच्या प्रत्यक्ष कृतीचा विचार व्हायला हवा होता.

दोषसिद्धी आणि शिक्षा एकाच दुपारी झाली, अपीलकर्त्यांना वय, पूर्वेतिहास व परिस्थितीबाबत कागदपत्रे देण्याची संधी मिळाली नाही, आणि गुन्हा गंभीर आहे याखेरीज दहा वर्षांचे कारण आदेशात नाही.

प्रत्येक मुद्द्यात साक्षीदाराचा क्रमांक आणि परिच्छेद द्यावा. गरिबी, म्हातारे आईबाप, लहान मुले ही कारणे लिहावीत, पण शेवटी आणि पुराव्यानिशी, कारण ती जवळजवळ प्रत्येक कैद्याला लागू असतात आणि न्यायाधीशांनी ती हजारदा वाचलेली असतात. पहिलाच गुन्हा असणे, घटनेला उलटलेली अनेक वर्षे, खटल्यादरम्यान जामिनावर असताना नीट वागणूक, तुरुंगातील शिक्षण किंवा काम, यांना जास्त वजन मिळते. बच्चन सिंग प्रकरणाने १९८० मध्ये फाशीच्या संदर्भात गुन्ह्याइतकाच गुन्हेगाराचाही विचार करायला सांगितले, आणि कारावासाचे प्रमाण ठरवतानाही न्यायालये गुन्ह्याची तीव्रता वाढवणाऱ्या आणि सौम्य करणाऱ्या बाबी समोरासमोर ठेवतात. दुसरी बाजूही लक्षात असावी: भोगलेल्या काळावरच शिक्षा संपवण्याच्या उच्च न्यायालयांच्या सवयीवर सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा ताशेरे ओढले आहेत, त्यामुळे भोगली तेवढी पुरे एवढ्या जोरावर आठ वर्षांची शिक्षा आठ महिन्यांवर आणण्याची अपेक्षा ठेवू नये.

जखमी व्यक्तीशी समझोता झाला असेल तर तो प्रतिज्ञापत्राने सादर करावा. खुनाचा प्रयत्न हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, पण शिक्षा ठरवताना समझोत्याचा विचार होऊ शकतो. नुकसानभरपाई देण्याची तयारीही दाखवता येते. मात्र पैसे देऊन शिक्षेतून सुटका विकत घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावले आहे, आणि जखमीच्या दारात दबाव टाकायला गेलेले नातेवाईक अपिलाचे फार मोठे नुकसान करतात.

सातवी पायरी: जोडायची कागदपत्रे

अपिलासोबत प्रमाणित निकाल आणि वकीलपत्र लागते. कैदी आत असल्यास वकीलपत्रावरील सही कारागृह अधिकाऱ्याने साक्षांकित करावी लागते. याशिवाय कारागृहाकडून भोगलेल्या शिक्षेचा तपशील आणि वर्तणुकीचा दाखला मागवावा. त्यात कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस, संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजेवरून (पॅरोल) वेळेत परतल्याच्या नोंदी आणि तुरुंगातील शिक्षा, असल्यास, दिसतात. रजेवरून वेळेवर परतलेला कैदी हा स्थगितीच्या अर्जातला फार चांगला पुरावा असतो. वैद्यकीय कागद, वयाचा पुरावा, ग्रामपंचायतीचा किंवा नोकरीचा दाखला जोडावा. खटल्यात नसलेला, पण शिक्षेसाठी महत्त्वाचा पुरावा अपिलात आणायचा असेल तर कलम ४३२ खाली परवानगी मागता येते.

आठवी पायरी: शिक्षेला स्थगिती आणि जामीन

उच्च न्यायालयात फौजदारी अपिले वर्षानुवर्षे पडून राहतात, म्हणून अपील दाखल करतानाच कलम ४३० खाली, म्हणजे जुन्या ३८९ खाली, शिक्षा स्थगित करून जामिनावर सोडण्याचा अर्ज करावा. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असून आरोपी जामिनावर असेल, तर शिक्षा देणारे न्यायालयच अपील करण्यापुरता वेळ देऊ शकते. दहा वर्षे किंवा अधिक कारावास, जन्मठेप किंवा फाशीस पात्र गुन्ह्यात सरकारी वकिलांना लेखी विरोध नोंदवण्याची संधी द्यावीच लागते. ठरावीक मुदतीची शिक्षा असेल आणि अपील लवकर ऐकले जाण्याची शक्यता नसेल तर स्थगितीकडे उदारपणे पाहावे, अशी सर्वोच्च न्यायालयाची भूमिका राहिली आहे. जन्मठेपेत मात्र निकालात वरवर दिसणारी ठळक चूक दाखवावी लागते. पहिला अर्ज फेटाळला गेला तरी निम्मी शिक्षा भोगून झाल्यावर दुसरा अर्ज करण्यास चांगला आधार मिळतो. येथे एक हिशेब विसरला जातो: स्थगितीवर बाहेर काढलेला काळ, पुढे शिक्षा कायम झाल्यास, भोगलेल्या शिक्षेत धरला जात नाही. दंडही स्थगितीच्या अर्जात वेगळा नमूद करावा, नाहीतर जामीन मंजूर होऊनही दंड भरला नाही म्हणून सुटका अडते.

नववी पायरी: शिक्षा वाढण्याची भीती

अपील केले तर शिक्षा उलट वाढेल, या धास्तीने अनेक जण अपील करत नाहीत. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही, हे कलम ४२७ मध्येच लिहिले आहे. उच्च न्यायालय आपल्या पुनरीक्षण अधिकाराचा, म्हणजे खालच्या न्यायालयाचा आदेश तपासण्याच्या अधिकाराचा, आधार घेऊन आरोपीच्या अपिलात शिक्षा वाढवू शकत नाही, असे २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तेथे आरोपीची सात वर्षांची शिक्षा त्याच्याच अपिलाच्या ओघात जन्मठेपेपर्यंत गेली होती. खरी जोखीम राज्य सरकारच्या अपिलाची असते. शिक्षा अपुरी आहे म्हणून कलम ४१८ खाली सरकार अपील करू शकते, परंतु तेव्हा आरोपीला नोटीस मिळते आणि त्याच अपिलात तो निर्दोषत्वाची किंवा शिक्षा कमी करण्याची मागणीही करू शकतो. पीडित व्यक्तीला निर्दोष सुटका, सौम्य कलम किंवा अपुरी भरपाई याविरुद्ध अपील करता येते, केवळ शिक्षा वाढवण्यासाठी मात्र नाही.

दहावी पायरी: सुनावणी आणि त्यानंतर

अपील दाखल करून घेतले की खटल्याचे रेकॉर्ड येते आणि साक्षींचे पेपर-बुक तयार होते. ई-कोर्ट्सच्या अॅपवर प्रकरणाचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) टाकून तारखा पाहता येतात. त्यासाठी वकिलांच्या कारकुनाला फोन करत राहण्याची गरज नाही. वकील गैरहजर राहिले म्हणून दाखल झालेले फौजदारी अपील गुणदोष न पाहता काढून टाकता येत नाही, ही दिलासा देणारी बाब आहे, पण तिच्यावर विसंबून राहू नये. अपील प्रलंबित असताना अपीलकर्त्याचा मृत्यू झाला, तर आईवडील, पती किंवा पत्नी, मुले, भाऊ किंवा बहीण तीस दिवसांत परवानगी घेऊन ते पुढे चालवू शकतात.

उच्च न्यायालयातही निराशा झाली, तर घटनेच्या अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका नव्वद दिवसांत दाखल करावी लागते. तेथे पुराव्याची फेरतपासणी क्वचितच होते, पण कलमाचे रूपांतर आणि शिक्षेचे प्रमाण यांवर नोटीस निघण्याची उदाहरणे बरीच आहेत. शिक्षेतील सूट, म्हणजे शासनाकडून मिळणारी माफी, हा वेगळा रस्ता आहे. जन्मठेप म्हणजे उर्वरित आयुष्य. खुनाच्या जन्मठेपेत चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्याशिवाय शासन मुदतपूर्व सुटका करू शकत नाही आणि त्यानंतरही ती हक्काने मिळत नाही. अपील फेटाळले गेल्याने माफीचा अर्ज बाद होत नाही.

शिक्षा कमी झाल्यावरही काम शिल्लक राहते. उच्च न्यायालयाचा आदेश सत्र न्यायालयाकडे जातो, तेथून सुधारित वॉरंट कारागृहात पोहोचते आणि मग सुटकेची तारीख नव्याने मोजली जाते. आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन वकिलांमार्फत ती सत्र न्यायालयात आणि कारागृहात दोन्हीकडे द्यावी, पोच घ्यावी, आणि नव्या हिशेबात सेट-ऑफ व मिळालेली सूट धरली आहे की नाही हे कैद्याने स्वतः कारागृहाच्या न्यायिक शाखेत विचारून पाहावे. दंड भरायचा राहिला असेल तर तो त्याच आठवड्यात सत्र न्यायालयात भरून पावती कारागृहाला पाठवावी.